नवऱ्याची आयरिश रेकॉर्ड

माझ्या नवऱ्याला एखादं कुणालाच माहीत नसलेलं गाणं आवडत असतं, तर मी सुटले असते. तो गेल्यावर ते गाणंही गेलं असतं, किंवा फार तर आमच्या बैठकीच्या खोलीपुरतं उरलं असतं. पण ह्या गृहस्थाने जीव लावला तो एका आयरिश आल्बमवर, आणि तोही असा, की ज्याला सगळं जग अभिजात म्हणतं. त्यामुळे तो मला कुठेही गाठतो.

आल्बमचं नाव मी लिहिणार नाही. नाव घेतलं की समोरचा डोळे मोठे करून "ओह, काय आल्बम आहे!" म्हणतो, आणि मग त्याचं कौतुक संपेपर्यंत मला हसऱ्या चेहऱ्याने उभं राहावं लागतं. ऑफिसातला एक सहकारी निवृत्त झाला, त्याच्या निरोपाच्या पार्टीत बिअरचे ग्लास भरत असताना स्पीकरवर तेच. इथेच नेदरलँड्समध्ये हार्लेमला मैत्रिणीकडे गेले, तर स्टेशनजवळच्या दुकानाच्या काचेत त्याची नवी, जाडजूड आवृत्ती मांडलेली, सोबत फोटोंची पुस्तिका आणि वर पाच तारे. शेजारच्या कॅफेत कॉफी देणाऱ्या पोरीच्या टी-शर्टवर त्याच मुखपृष्ठाचं चित्र. आल्बम आला तेव्हा तिचा जन्मही झाला नसेल. आल्बमचे वाढदिवस होतात, त्याच्यावर लेख येतात, दर काही वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा घासूनपुसून बाजारात आणतं. माझा नवरा मात्र एकदा गेला तो गेला. त्याची नवी आवृत्ती कुणी काढली नाही. हे मी रागाने लिहिते आहे, हे मला कळतंय.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बॅन्जो, अकॉर्डियन, पत्र्याची बासरी आणि ढोल. गाणी जुन्या लोकगीतांच्या वळणाची, पण पंक रॉकवाल्यांच्या घाईने आणि आडदांडपणाने म्हटलेली. त्यात खलाशी असतात, लढाईवरून अर्धे परतलेले सैनिक असतात, घर सोडून परक्या शहरात रस्ते खणायला गेलेली माणसं असतात, आणि ह्या सगळ्यांना प्यायला लागतं. सासूबाई इथे राहायला आल्या होत्या तेव्हा दोन गाणी ऐकून म्हणाल्या होत्या, "वरातीत बँडवाल्यांची आपसात जुंपली ना, की असा आवाज येतो." नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढे कित्येक दिवस तो त्या आल्बमला 'वरात' म्हणायचा.

त्याला हे वेड डेल्फ्टला शिकायला आला तेव्हा लागलं. तो राहायचा त्या घरातल्या भाडेकरूंत एक आयरिश मुलगा होता. हा त्याला भात करून घालायचा आणि तो ह्याला हा आल्बम ऐकवायचा. नंतर स्वतःची रेकॉर्ड ह्याने विकत घेतली ती राजाच्या वाढदिवसाला. त्या दिवशी अख्खा देश घरातली अडगळ फूटपाथवर मांडून बसतो. एक बाई चादर पसरून बसली होती, चादरीवर जुनी भांडी, बाहुल्या आणि ही रेकॉर्ड. तिने रेकॉर्डबरोबर जुना प्लेअरही ह्याच्या गळ्यात मारला. प्लेअर असा, की गाणी संपली तरी आपण होऊन थांबायचा नाही. उठून सुई उचलावी लागायची.

नवरा बेसूर होता. नुसता बेसूर नाही, निष्ठेने बेसूर. लहानपणी शाळेच्या समूहगीतात बाईंनी त्याला फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. ह्या आल्बमपुढे त्याला ती भीती नव्हती. "ह्या लोकांत मला कुणी गप्प बस म्हणणार नाही," असं तो म्हणायचा. शनिवारी सकाळी पोहे करताना एका हातात झारा घेऊन, पायाने ठेका धरून, घसा फोडून गायचा. मुलगी कानात बोटं घालायची. मी म्हणायचे, अरे, शेजारी आहेत.

शेजारी होतेच. रॉटरडॅमजवळच्या कापेलमधली आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. पलीकडे एकटे राहणारे एक डच आजोबा. मुलगी त्यांना बूरमन म्हणायची, म्हणजे शेजारीबुवा. इथे नवीन आलेल्या आपल्या प्रत्येक कुटुंबाला जुनी मंडळी पहिलाच सल्ला देतात तो आवाजाचा. मिक्सर सकाळी लवकर लावू नका, कुकरच्या शिट्ट्या मोजून घ्या, पोरांना पायऱ्यांवरून धावू देऊ नका. शेजाऱ्याने तक्रार केली की संपलं. आम्ही ह्या घरात राहायला आलो आणि पहिल्याच शनिवारी, गाणं रंगात आलेलं असताना, भिंतीवर ठक ठक ठक झालं. नवऱ्याने झटकन आवाज कमी केला. आमची तोंडं अशी उतरली, की जणू पोलीसच आले. दुसऱ्या दिवशी तो बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन माफी मागायला गेला. आजोबांनी दारातच डबा घेतला, गोंधळून आभार मानले आणि दार लावलं.

त्यानंतर हे असंच चालू राहिलं. ठक ठक झालं की ह्याने आवाज कमी करायचा. मग उरलेली बाजू तो हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत म्हणायचा. मला त्या म्हाताऱ्याचा संताप यायचा. आठवड्यात एकदा थोडं गायलं तर काय बिघडतं ह्याचं, असं मी मराठीत मोठ्याने म्हणायचे. त्यांना कळणार नाही ही खात्री होती म्हणून.

नवरा गेला त्या दिवशी घरूनच काम करणार होता. मुलगी शाळेच्या सहलीला गेली होती. सकाळी चहा पिताना त्याने छातीखाली हात फिरवला आणि ॲसिडिटी म्हणाला. मी म्हटलं, हाउसआर्ट्सला फोन कर. हाउसआर्ट्स म्हणजे इथला आपल्या भागातला डॉक्टर, ज्याला विचारल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढता येत नाही. तो म्हणाला, "ते काय सांगणार? पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्याने फोन करा." ह्यावर आपल्याकडचे सगळेच हसतात. आम्हीही हसलो. कपाटात पुण्याहून आणलेल्या औषधांची पिशवी असते, प्रत्येक घरात असते, तिच्यातली गोळी त्याने चघळली. तरी मी म्हटलं, दुपारपर्यंत बरं वाटलं नाही तर नक्की फोन कर. हो म्हणाला. मी दार ओढून घेत होते तेव्हा त्याने रेकॉर्ड लावलेली मला ऐकू आली. शनिवार नव्हता, तरी लावली.

संध्याकाळी रॉटरडॅमहून परत आले, कुलूप उघडलं, आणि घरात गाणं नव्हतं. फक्त एक आवाज होता. खर्र, टक. खर्र, टक. संपलेल्या रेकॉर्डवर सुई फिरत राहिली की येतो तो. नवरा जमिनीवर बसलेला होता, भिंतीला डोकं टेकून. सोफा हाताच्या अंतरावर होता, पण तो सोफ्यावर नव्हता.

पुढचं फारसं आठवत नाही. भिंतीतला प्लग मी खेचून काढला हे आठवतं, कारण तो आवाज थांबवल्याशिवाय मला फोनवर बोलता येईना. नंतर दीर आला, त्याने प्लेअरचं झाकण लावलं आणि त्यावर माझी एक जुनी ओढणी घातली. ती पुढे वर्षभर तशीच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. वेळ नेमकी सांगता येणार नाही. बहुधा फार त्रास झाला नसावा. त्या 'बहुधा'वर मी किती रात्री काढल्या ते माझं मला ठाऊक.

सासूबाई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायच्या. भाजी काय केली, नातीची परीक्षा कधी, सगळं विचारून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, आवाज बदलायचा. "शेवटी त्याच्याजवळ कुणीच नव्हतं ना गं?" मी म्हणायचे, आई, फार पटकन झालं, कळलंही नसेल त्याला. त्या हूं म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझं उत्तर पाठ झालेलं होतं आणि ते आम्हां दोघींनाही पटत नव्हतं.

मला पटत नव्हतं त्याचं कारण ती भिंत. ती बूरमनची भिंत होती. चालता येणाऱ्या माणसाने सोफा सोडून तिथे जाऊन का बसावं? मला एकच उत्तर सुचायचं. त्याला उठवेना, बोलवेना, म्हणून तो सरपटत भिंतीपर्यंत गेला आणि त्याने मदतीसाठी भिंत ठोठावली. आणि पलीकडे कुणी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि म्हणाले, आता हा उलट मलाच भिंत ठोकून दाखवतोय.

हे मी कुणालाच बोलले नाही. आजोबांना विचारायची तर माझी छातीच झाली नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मी काय करणार होते? त्यांनी पत्रपेटीत छापील सांत्वनाचं कार्ड टाकलं होतं, खाली सही. अंत्ययात्रेच्या गाडीला त्यांनी खिडकीत उभं राहून मान लववली होती. त्यानंतर आमच्यात नमस्कारापलीकडे काही झालं नाही. भिंत गप्प होती. रात्री जिन्यावरून उतरताना मी तिच्याकडे पाहायचं टाळायचे. माझ्याच घरातली भिंत, आणि मी दुसऱ्या बाजूने चालायचे.

आल्बम मात्र बाहेर सगळीकडे वाजत होता. एकदा ट्रामस्टॉपवर कुणाच्या तरी फोनवर त्यातलं एक गाणं लागलं आणि मी ट्राम सोडून चालत सुटले, ऑफिसला उशीर झाला. जगभरच्या लोकांना ते ऐकून नाचावंसं वाटतं. मला गाणं संपल्यावरचाच आवाज ऐकू यायचा.

वर्षश्राद्धाची तिथी सासूबाईंनी पंचांग बघून कळवली. ती निघाली मंगळवारी. मी जेवण शनिवारी ठेवलं, तर म्हणाल्या, "पितर काय शनिवार-रविवार बघून येतात का?" मग स्वतःच म्हणाल्या, येईल, त्याला शनिवारच आवडायचा. पुढे ठणकावून सांगितलं की बाहेरचं एक माणूस तरी पानावर बसलंच पाहिजे, घरच्यांनीच जेवून चालत नाही. आता कापेलमध्ये श्राद्धाला बोलवायचं कुणाला? ओळखीच्यांपैकी एक जोडपं भारतात गेलेलं, दुसऱ्यांच्या मुलाची पोहण्याची परीक्षा. मुलगी म्हणाली, "वी कॅन आस्क बूरमन." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, व्हाय नॉट? माझ्याकडे तिला सांगण्यासारखं कारण नव्हतं. मी डाळ निवडायला घेतली, तेवढ्यात ती जाऊन विचारूनही आली. आजोबांनी डायरीत बघून होकार दिला होता.

शनिवारी उडदाचे वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. मागच्या अंगणात पान ठेवलं, तर कावळा येण्याआधी सीगल आला आणि वडा घेऊन गेला. सासूबाई टॅब्लेटवर होत्या, टेबलाच्या टोकाला खिरीच्या पातेल्याला टेकवलेल्या. "शिवला का?" त्यांनी विचारलं. शिवला म्हटलं. रंग त्यांनी विचारला नाही.

आजोबा दिलेल्या वेळेला मिनिटभरही इकडेतिकडे न होता आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी ट्युलिप्स. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात. खुर्चीवर बसले, आधी भिंतीकडे बघितलं, मग ओढणीखालच्या प्लेअरकडे. मी वाढत होते.

"आज संगीत नाही?" त्यांनी डचमध्ये विचारलं.

माझ्या हातातली पळी थांबली. मी म्हटलं, नाही, आता आम्ही लावत नाही. तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा, त्याबद्दल माफ करा.

"त्रास?" ते म्हणाले.

तुम्ही भिंत ठोठावायचात ना, मी म्हटलं.

मग त्यांचा चेहरा लाल होत गेला. म्हणाले, "मी ताल द्यायचो. मी तरुणपणी आमच्या गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचो. ती रेकॉर्ड माझ्याकडेही आहे, मी ती पार झिजवली आहे. तुमच्या घरात ती लागली की मला फार आनंद व्हायचा. मी ताल द्यायला लागायचो, आणि दर वेळी तुमचे यजमान आवाज बंद करायचे. मला वाटायचं, त्यांना माझं मध्ये येणं आवडत नाही. मग मीही थांबायचो."

मुलीने तोंडावर हात ठेवला. मला लाडवांचा डबा घेऊन दारात उभा राहिलेला नवरा दिसला. एवढी वर्षं दोन घरं एकच रेकॉर्ड ऐकत होती आणि दोन्ही घरं एकमेकांना घाबरून होती.

आजोबांनी चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी त्यांनी आवाज कमी केला नाही," ते म्हणाले.

मी पळी खाली ठेवली. मी बसले.

ते सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडवत बोलत होते. त्या दिवशी सकाळी रेकॉर्ड लागली, पहिली बाजू संपली, मग दुसरी लागली. नवरा गात होता, मोठ्याने. आजोबांनी न राहवून भिंतीवर ताल दिला आणि आवाज कमी व्हायची वाट पाहिली. तो झाला नाही. उलट पलीकडून उत्तर आलं. आधी लांबून, मग अगदी भिंतीशी, खाली. "ते भिंतीजवळ येऊन बसले होते. मीही माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसलो. शेवटची दोन गाणी आम्ही दोघांनी मिळून वाजवली. ते तालाला पक्के होते. गाणं कसंही म्हणत असतील, पण तालाला पक्के. शेवटच्या गाण्याच्या शेवटपर्यंत."

आणि मग, मी विचारलं. मदतीसाठी तर नव्हतं ना? ते ठोठावणं?

"नाही." हे त्यांनी लगेच सांगितलं. "मी आयुष्यभर ढोल वाजवला आहे. तो ताल होता. गाणं संपलं. मी दोनदा टकटक केलं, शाबास म्हणायला. उत्तर आलं नाही. मला वाटलं, फोन आला असेल, चहा करायला गेले असतील. दार वाजवावं असं मनात आलं होतं. पण न सांगता कुणाच्या दारात कसं जायचं, म्हणून मी गेलो नाही. वर्षभर मी रोज उठतो आणि त्या दारापर्यंत जातो. मनात." त्यांनी समोरचं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "तुम्ही मला विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही मला माफ केलं नाहीत."

मी उठले. प्लेअरवरची ओढणी काढली, झाकण उघडलं. सुई जिथे थांबली होती तिथेच होती. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर दोनचा आकडा होता. त्याने उठून बाजू पालटली होती. मी गेल्यावर तो उठला होता, चालला होता, गायला होता, आणि ज्या म्हाताऱ्याला आम्ही तक्रारखोर म्हणायचो त्याच्या सोबतीने त्याने त्याचा लाडका आल्बम शेवटपर्यंत ऐकला होता. मी तिथेच उभी राहून रडले. वर्षभर नुसती भीती वाटत होती, रडायला जागाच नव्हती.

"अगं काय झालं? काय म्हणतायत ते?" टॅब्लेटमधून सासूबाईंचा आवाज आला. "मला कुणी सांगेल का?"

मुलीने टॅब्लेट जवळ ओढला. ती आजीशी नेहमी इंग्रजीत बोलते आणि आजी तिला मराठीत उत्तर देते, असंच आमच्याकडे चालतं. त्या दिवशी ती मराठीत बोलली. एकेक शब्द शोधत, चुकत. "आजी, बाबा एकटा नव्हता. बूरमन होते. भिंतीच्या तिकडे. ते दोघं वाजवत होते. गाणं संपलं, मग बाबा गेला."

पुण्याच्या घरातल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माझ्या मुलाला शेवटचं पाणी तुम्ही पाजलंत. म्हणावं, आता स्वस्थ जेवा."

आजोबा माझ्याकडे बघत होते, काय म्हणाल्या म्हणून. शेवटचं पाणी म्हणजे काय, ते कोण कुणाला पाजतं, हे मला डचमध्ये सांगता येईना. मी त्यांच्या पानात आणखी एक वडा वाढला, आणि ते रडत रडत तो खाऊ लागले.